जोडलेली फाईल समोरच्यास उघडावी म्हणून

पत्र रवाना झाले म्हणजे पत्रव्यवहार पुरा झाला असे नव्हे. तो पुरा होतो ते पत्र समोरच्याने वाचल्यावर. टपालाच्या पत्रास हे जितके लागू, तितकेच ई-मेललाही लागू आहे. अकोल्याच्या डोंगरवस्त्यांपासून जामखेडपर्यंत आपल्या जिल्ह्याच्या १४ तालुक्यांतील शाळांत सर्व संगणक एका वयाचे नाहीत. एका शाळेत नीट दिसणारी फाईल दुसरीकडे उघडत नाही, यात नवल नाही. मात्र परिणाम लहान नसतो. विद्यार्थ्यांची यादी वाचता आली नाही, तर कोणीतरी ती नावे पुन्हा टंकित करतो. त्यात एखादी वेलांटी चुकते आणि चुकलेले नाव मुलाच्या दाखल्यावर जाऊन बसते. म्हणून दोष कोठे आहे, हे शिक्षकास ओळखता आले पाहिजे. त्याची लक्षणे मुख्यतः तीन आहेत.

१. फाईल मुळीच उघडत नाही. येथे बहुधा फाईलचा प्रकार व संगणकातील कार्यक्रम यांचा मेळ नसतो. वर्डने २००७ साली फाईलचा नवा प्रकार स्वीकारला. २००३ व त्यापूर्वीच्या आवृत्तीस तो आपणहून उघडता येत नाही. अशा वेळी पाठविणाऱ्याने ती जुन्या प्रकारात किंवा पीडीएफमध्ये साठवून पुन्हा पाठवावी. विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही दोन्ही प्रकार उघडतात. फाईलच्या नावाची शेवटची अक्षरे बदलल्याने तिचा प्रकार बदलत नाही, हे ध्यानी असावे.

२. फाईल उघडते, पण मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. आपल्याकडील हा विशेष दोष होय. संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, क्रमांक साठवितो. कृतिदेवासारख्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी चित्रे बसविलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘बालक’ लिहिले, तर फाईलमध्ये सी, के, वाय, डी ही चार इंग्रजी अक्षरे साठतात. तो फाँट असलेल्या संगणकावर त्यांचा ‘बालक’ दिसतो; नसलेल्यावर ती चार अक्षरेच उरतात. दुसरा कोणताही जुना फाँट लावून भागेलच असे नाही, कारण पुष्कळांची मांडणी निराळी असते.

युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, मग संगणक शेवगावचा असो वा परदेशचा. ही व्यवस्था १९९१ पासून आहे. म्हणून नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. जुनी फाईल रूपांतरित करताना मूळ प्रत जपून ठेवावी व रूपांतरित मजकूर स्वतः वाचावा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. घोटाळा तेथेच संभवतो. रफार व जोडाक्षरेही तपासावीत.

३. फाईल अपुरी उतरते, किंवा परवानगी मागते. जाळे मंद असल्यास फाईल अर्धवट उतरते. ती पुन्हा उतरवून पाहावी. जीमेलवरून २५ एमबीहून मोठी फाईल जोडता येत नाही. तिच्याऐवजी ड्राइव्हचा दुवा जातो. तो दुवा पाहण्याची परवानगी पाठविणाऱ्याने द्यावयाची असते. मुलांची माहिती असेल तेथे ही परवानगी सर्वांस खुली न ठेवता संबंधितांच्याच पत्त्यास द्यावी.

फाईल उघडण्यासाठी एखादा अनोळखी कार्यक्रम उतरवून घ्या, असे कोणी सुचविल्यास ते मानू नये. त्यापेक्षा पाठविणाऱ्यास विचारावे. विचारताना केवळ ‘उघडत नाही’ असे न लिहिता पडद्यावर काय दिसले ते लिहावे. उपाय त्यावरूनच ठरतो.

पाठविणाऱ्याने पुढील नियम पाळावेत. केवळ वाचावयाचा मजकूर पीडीएफमध्ये पाठवावा. त्यात फाँट सामावून घेता येतो. मात्र जुन्या फाँटची पीडीएफ डोळ्यांस शुद्ध दिसली, तरी तीतून नक्कल केलेला मजकूर निरर्थकच उतरतो. म्हणून ज्या यादीतील नावे दुसऱ्या नोंदीत घ्यावयाची आहेत, ती युनिकोडमध्ये लिहिलेली हवी. आणि महत्त्वाची फाईल धाडण्यापूर्वी ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावयाचा अभ्यास

१. आपल्या शाळेतील एक जुनी मराठी फाईल शेजारच्या शाळेच्या संगणकावर उघडा. वरीलपैकी कोणते लक्षण दिसले?

२. पटावरील दहा नावे युनिकोडमध्ये लिहून परस्परांस पाठवा आणि प्रत्येक नाव मूळ नोंदवहीशी अक्षरशः ताडून पाहा.

३. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द टंकित करा. भेद कळफलकावर साधला नाही, तर मुलांच्या आडनावांत तो कोठे बाधेल?