तैलबैल्याची कच्ची वाट: खिशाला किती पडते?

पुण्याहून लोणावळा, पुढे घुसळखांब, सालतर, तैलबैला, भांबर्डे, निवे आणि ताम्हिणी-मुळशीमार्गे घरी. हा फेरा साधारण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचा. काही टप्पे डांबरी, काही नुसते दगडधोंडे. पेट्रोलवरची फोर-बाय-फोर अशा वाटेवर लिटरला दहाच्या आसपास देते, म्हणजे इंधनाचे दोन हजार धरा. टोल वेगळा. गावात आधी फोन करून सांगितलं तर पिठलं-भाकरीचं ताट दीड-दोनशेत मिळतं.

इथपर्यंत सगळं स्वस्त. महाग पडतो तो दगड.

टायरला खिळा लागला तर पंक्चर शे-दीडशेत निघतं. साइडवॉल फाटली की मात्र टायर बादच, आणि जाड नक्षीचा नवा टायर आठ-दहा हजारांच्या खाली क्वचितच येतो. इथे विम्याचा भरवसा धरू नका. नेहमीच्या पॉलिसीत गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. ओढ्यात घातलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरलं, तर इंजिन-संरक्षणाचं जादा कलम घेतल्याशिवाय कंपनी सहसा हात वर करते. टोइंगला जुन्या नमुन्याच्या पॉलिसीत मर्यादा १,५०० रुपयांची. तैलबैल्याहून गाडी उचलून आणायला तेवढ्यात कोण येणार? म्हणून निघण्याआधी पॉलिसी वाचा, जादा कलमं घ्या आणि स्टेपनीची हवा तपासा. टायरची हवा कमी करून दगडांवर चढणार असाल तर परत भरायला पंपही हवा. घाटात पेट्रोल पंपाची वाट पाहू नका.

भाड्याची गाडी? थार दिवसाला चार-पाच हजारांच्या घरात मिळते, वर अनामत. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तर अपघातात विमा हात झटकू शकतो. करारात ‘ऑफ-रोड’ला बंदी आहे का, तेही पाहा. बहुतेकदा असते, आणि मग अनामत विसरायची.

पावसाळ्यात हा बेत मला पटत नाही. ढगांत काही दिसत नाही, चिखलात गाडी रुतते आणि पुणे जिल्ह्यात धबधब्यांच्या ठिकाणी मनाई-आदेश निघतात. २०२४ मध्ये भुशी धरणाजवळच्या दुर्घटनेनंतर निघाले होते. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. ताम्हिणी अभयारण्य २०१३ पासून आहे, तेव्हा वहिवाटीचा रस्ता सोडून जंगलात चाक घालू नका. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल झाला तर त्याचा खर्च कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. शक्यतो दोन गाड्या न्या. ओढदोराचे हजार-दीड हजार दोघांत वाटून घ्या.