आजोबांच्या पेटीतला चारमिनारचा रुपया

प्रश्न : आजोबांच्या पेटीत चारमिनारचं चित्र असलेलं चांदीचं नाणं मिळालं. ते खरं आहे का? किंमत किती येईल?
– एक वाचक, लासूर स्टेशन

उत्तर : तुमचा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा हाली सिक्का घरात असणं अगदी स्वाभाविक आहे. १९५९ पर्यंत तो चलनात होता. चारमिनारच्या कमानीतलं अक्षर भिंगातून पाहा. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांचा काळ. साल हिजरी असतं.

आता वजन. सराफाच्या काट्यावर ते ११.१८ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. झिजेमुळे थोडं कमी चालेल. लोहचुंबकाला चिकटलं, कडेला साच्याची रेघ दिसली किंवा अक्षरं फुगीर, बोथट असली तर नक्कल समजा. मात्र चिंच, राख किंवा पावडरने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक नाकं मुरडतात, आणि ते नुकसान भरून येत नाही.

हे रुपये भरपूर पाडले गेले. त्यामुळे सामान्य नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही. दुर्मीळ साल आणि उत्तम स्थिती असेल तरच भाव चढतो. नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांचं मत घ्या.

लाखोंचं आमिष दाखवून कोणी आधी ‘कमिशन’ मागितलं तर एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही.