जव्हारचा पिनकोड आणि एकोणीस एक

जव्हारचा पिनकोड ४०१६०३. ही मूळ संख्या आहे का? पुढे वाचण्याआधी कागदावर एकदा करून बघा. (मोखाड्याचा ४०१६०४ सम आहे, त्यात काही मजा नाही.)

सातवीच्या वर्गात मी हाच प्रश्न घातला होता. २, ३, ५, ७, ११, १३, १७, कशानेच भाग जाईना. तास संपत आला होता, म्हणून मी फळ्यावर लिहून टाकलं: मूळ संख्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली. "सर, १९ ने भाग जातोय." गेला की! ४०१६०३ = १९ × २३ × ९१९. मी एकच पायरी आधी थांबलो होतो. खरं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६३३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी बघायला हवं होतं. फळ्यावरचं उत्तर तिनेच दुरुस्त केलं.

मग तिने विचारलं, "खरोखर मोठी मूळ संख्या कशी असते?" मी एकोणीस एक लिहिले: ११,११,११,११,११,११,११,११,१११. ही मूळ आहे.

अशा एकांच्या संख्यांमध्ये द. रा. कापरेकर रमले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे. १११ × १११ = १२३२१, अशा वर्गांना त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून 'डेमलो संख्या' म्हटलं.

सहा एक असतील तर १११ × १००१ असे अवयव लगेच पडतात. एकांची संख्या संयुक्त असली की असं होतंच. ती मूळ असली तरी खात्री नाही: १११ = ३ × ३७. मग १९ एकांचं कसं ठरवायचं? वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. सेकंदाला एक भागाकार केला तरी तेहतीस वर्षं!

इथे एक युक्ती आहे. समजा 'क' या मूळ संख्येने भाग गेला. ३ ने जात नाही, कारण अंकांची बेरीज १९. मग १०, १००, १००० यांना 'क'ने भागत गेलं की बाक्या दर १९ पायऱ्यांनी पुन्हा तशाच येतात, आणि फर्माच्या नियमाप्रमाणे हे चक्र क−१ मध्ये पुरतं बसतं. म्हणजे क−१ ला १९ ने भाग जातो. 'क' विषम, म्हणून ३८ नेही. सात एकांवर पडताळा बघा: ११११११११ नव्हे हं, सातच, ११,११,१११ = २३९ × ४६४९. दोन्हीतून १ वजा करा, १४ ने भाग जातो.

आता तपासायच्या संख्या पावणेतीन कोटींच्या आसपास उरल्या, म्हणजे वर्षभराच्या आतलं काम. त्यातली पहिली मूळ संख्या १९१. तो भागाकार वर्गात हातानेच करायला द्या. बाकी ८४ यायला हवी.