चार खणांची हार्ड डिस्क

तळोजा फेज वनच्या आमच्या घरात 2011 सालचा डेस्कटॉप आहे. चार जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. बाबांच्या आठवणी श्रीलिपी या विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या, त्यामुळे विंडोज 7 काढता येत नव्हतं. पण त्याचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 नंतर थांबले, आणि बँकेचं काम त्यावर करायला मन धजेना. म्हणून सोबत लिनक्स मिंट बसवायचं ठरवलं.

विंडोजमधून सी ड्राइव्ह लहान करून 60 जीबी जागा मोकळी केली. इन्स्टॉलर त्या जागेपुढे ‘अनयूजेबल’ दाखवत राहिला. मला वाटलं, जागा डिस्कच्या टोकाला हवी असेल. जीपार्टेड हे पार्टिशनचं सॉफ्टवेअर उघडलं आणि डी ड्राइव्ह सरकवायला लावला. पार्टिशन सरकवणं म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून दुसरीकडे लिहिणं, तासन्‌तास लागतात. पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. सकाळी डी उघडेना. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बाबांची चाळीसेक पानं हाती लागली, बाकीची गेली.

‘अनयूजेबल’चं खरं कारण नंतर कळलं. जुन्या बायॉसच्या मशीनवर डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये एमबीआर असतो. त्यात पार्टिशनच्या नोंदींना 64 बाइट, एका नोंदीला 16. म्हणजे चारच खण. माझे चारही भरलेले होते: सिस्टिम रिझर्व्ड, सी, डी, रिकव्हरी. डी कितीही सरकवला असता तरी पाचवा खण होणार नव्हता. त्यातलं एक (प्रायमरी) पार्टिशन मोडून तिथे एक्स्टेंडेड करायचं, त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करायची, हाच रस्ता. मी पुढे रिकव्हरीच्या डीव्हीडी काढून ते पार्टिशन मोडलं.

तुम्ही करणार असाल तर आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. विंडोज आधी, लिनक्स नंतर; उलट केलंत तर विंडोज एमबीआरमधला ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) पुसून टाकतं. विंडोज 8 किंवा 10 असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसलं तर घाबरू नका: विंडोज मशीनची वेळ स्थानिक मानतं, लिनक्स यूटीसी. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की जुळतं.

बाबा गेलेली पानं पुन्हा टाइप करताहेत. लिनक्सवर, युनिकोडमध्ये. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बोटं अजून अडखळतात, रोज अर्धं पान होतं. झोपण्याआधी मी ते पेनड्राइव्हवर घेतो.