वाहनांची कसोटी : प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील

गळिताचा हंगाम सुरू झाला की वसमत परिसरातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. ट्रॉलीच्या मागील बाजूस असणाऱ्या तांबड्या परावर्तकामागे केवढे शास्त्र उभे आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुण्यास वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था भारत सरकार व वाहनउद्योग यांच्या सहकार्याने स्थापन झाली. पुणेकर त्या भागास आता ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच ओळखतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन आस्थापना आहे. तिचे मुख्य कार्य लष्करी वाहनांचे. परंतु नागरी वाहनेही तेथे तपासली जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये वाहनाचा नमुना अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ट्रॅक्टरच्या चाचणीचे प्रमुख केंद्र मध्य प्रदेशात बुधनी येथे आहे.

ब्रेक, धूर, दिवे, टक्कर अशा नानाविध कसोट्या तेथे होतात. पैकी परावर्तकाची कसोटी ग्रामीण वाचकांनी विशेष समजून घेण्याजोगी आहे. परावर्तकास स्वतःचा प्रकाश नसतो. मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा प्रकाश तो इतस्ततः न विखुरता आल्या दिशेने परत पाठवतो, म्हणून तो त्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. निरनिराळ्या कोनांतून किती प्रकाश परत येतो, याचे अंधाऱ्या दालनात मोजमाप केले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. चालकास ट्रॉली दोन सेकंद आधी दिसणे याचा अर्थ सुमारे ३३ मीटर अधिक अंतर मिळणे, असा होतो.

परंतु प्रयोगशाळेतील परावर्तक स्वच्छ असतो. शेतातून निघालेल्या ट्रॉलीवर चिखल असतो, वर उसाची वाढी लोंबत असतात. ब्रेकची कसोटीही निर्मात्याने जाहीर केलेल्या वजनावर घेतली जाते. त्याहून अधिक भार घातल्यास त्या प्रमाणपत्राचा आधार घेता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील परस्पर फेरबदलांस मनाई आहे, ती याच कारणास्तव. शाळेच्या वाहनात जादा बाके बसवणाऱ्यांना हे कलम कोणी वाचून दाखवले तर बरे!

पुण्याचा अभियंता वसमतच्या फडावर येऊ शकत नाही. तेथील तपासणी ग्रामपंचायत सदस्यांना व शिक्षकांना सहज करता येईल. अंधार पडल्यावर उभ्या ट्रॉलीच्या मागे पन्नास पावलांवर जावे, विजेरी डोळ्यांलगत धरून प्रकाशझोत टाकावा. दोन्ही कडांचे परावर्तक स्पष्ट चमकले पाहिजेत. विजेरी कमरेजवळ धरू नये. प्रकाश तिच्याकडेच परततो, आणि चांगला परावर्तकही निकामी वाटतो. चमक दिसली नाही, तर प्रथम ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पाहावे व त्यानंतरच तो बदलण्यास सांगावे.