घोरणं नव्हे, थांबलेला श्वास ऐक

पोरी, जावईबापू घोरतात म्हणून झोप मोडते म्हणालीस. तुझ्या काकांच्या आजारपणात जे शिकले, ते नीट ध्यानात ठेव.

आवाजापेक्षा मधल्या शांततेकडे कान दे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, म्हणून माणूस घोरतो. वाट पुरती मिटली की छाती-पोट हलतं, पण हवा आत जात नाही. मग दचकून, गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की डॉक्टर तो एक प्रकार म्हणून मोजतात. तासाला असे प्रकार पाचाच्या आत असतील तर काळजी नाही. तीसच्या वर गेले तर हा श्वास अडकण्याचा आजार तीव्र. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही, म्हणून साक्षीदार तूच. मोबाइलवर चित्रीकरण कर आणि डॉक्टरांना दाखव.

दिवसाही लक्ष ठेव. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री लघवीला वारंवार उठणं, पेपर वाचता वाचता डुलकी, गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर, या खुणा. गाडी चालवताना पेंग येत असेल तर किल्ली काढून घे. चहावर भागवू नका. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि झोपेची तपासणी करून घ्या. एक रात्र अंगाला वायरी लावून झोपायचं, दुखत काही नाही.

घरचे उपाय करा, पण तपासणीऐवजी नव्हे. उताणं झोपू देऊ नकोस. बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू घाल, माणूस आपोआप कुशीवर राहतो. रात्रीची दारू बंद. झोपेच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, दोन्हींनी घसा आणखी सैलावतो. वजन जास्त असेल तर उतरवा. दहा टक्क्यांनीही फरक दिसतो. नाकात तुपाचे थेंब सोडून मिटणारा घसा उघडा राहत नाही.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन सांगितलं तर घाबरू नका. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन ते घसा मिटू देत नाही. आधी दिवसा टीव्ही बघताना मास्क लावायची सवय करा. कडेनं हवा सुटत असेल तर माप बदलून घ्या. तोंड कोरडं पडलं तर ह्युमिडिफायर लावा, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. मास्क रोज सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळव. दुपारच्या झोपेलाही मशीन हवंच, आणि लग्नाकार्याला गावी जातानाही ते सोबत हवं. आजार सौम्य असेल तर दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात.

कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगायचा आणि मशीन बरोबर न्यायचं.

लेकरू रोज घोरत असेल तर ‘बापावर गेलंय’ म्हणून सोडू नकोस. टॉन्सिल्स आणि नाकामागच्या गाठी तपासून घे.

चारचौघांत जावईबापूंच्या घोरण्यावर हसू नकोस. लाजलेला माणूस तपासणी टाळतो, आणि टाळलेल्या तपासणीचा भार हृदयावर पडतो. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो. तेव्हा पुढे कधी जावईबापूंनी तुझा श्वास अडकतो असं सांगितलं, तर रागावू नकोस; डॉक्टरांची वेळ घे.