सोपारा ते नाणेघाट : आपल्या दारातून निघणारी वाट

ट्रेक म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सबमिशन संपतं, व्हायवा होते, मेसमध्ये कोणीतरी ओरडतो, "चला, शनिवारी निघायचं!" मग राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशी तीच ती नावं निघतात. आपल्या वसई-विरारमधूनच एक लांब पल्ल्याची वाट निघते आणि ती दोन हजार वर्षं जुनी आहे, हे दोन वर्षांपूर्वी मलाही ठाऊक नव्हतं. ट्रेनमधून उतरून ज्या नालासोपाऱ्यात आपण वडापाव खातो, तिथेच ती सुरू होते. या लेखात त्या वाटेचा थोडा अभ्यास, आमची झालेली फजिती आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

वाट कुठून कुठे?

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. एका ग्रीक खलाशाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावं आहेत. सातवाहनांची राजधानी पैठण मात्र घाटावर, गोदावरीकाठी. बंदर खाली आणि राजधानी वर, म्हणजे मधला सह्याद्री ओलांडणं आलंच. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर आणि पुढे पैठण असा हा व्यापारी मार्ग होता. कोकणातून घाटमाथ्यावर नेणारा त्यातला महत्त्वाचा दुवा म्हणजे नाणेघाट.

सोपाऱ्याला 'बुरुड राजाचा कोट' नावाची टेकडी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला आणि आतल्या दगडी पेटीत बुद्धमूर्ती व भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. दुसऱ्या एका लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच भुईगावात मिळाला. आपण रोज ज्या गावांच्या पाट्या वाचत रिक्षाने जातो, त्या गावांचा हा इतिहास!

गोविंददासचं टाकं

नाणेघाटाच्या माथ्याजवळ खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, आता फक्त पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरली आहेत. खिंडीतून वर आलं की मोठा दगडी रांजण दिसतो. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात.

पण मला सगळ्यात भावला तो घाटातलाच एक अगदी छोटा लेख. त्याचा अर्थ एवढाच, की सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे पाण्याचं टाकं दान दिलं. राजा नाही, राणी नाही. आपल्या सोपाऱ्याचा एक माणूस. तो या वाटेने गेला असेल, तहानेने जीव कासावीस झाला असेल, आणि मागून येणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून त्याने पदरचे पैसे घालून कातळ खोदून घेतला. हे वाचल्यापासून नाणेघाट मला परका वाटत नाही. आपल्या गावच्या माणसाचं तिथे काहीतरी आहे.

इंजिनीअरसाठी दोन आकडे

नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशोब आहे. त्यात २४,४०० आणि ६,००१ कार्षापणांचा उल्लेख येतो. आपण २४,४०० लिहितो तेव्हा दोन शून्यं देतो. तिथे शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. वीस हजारांचं चिन्ह, मग चार हजारांचं, मग चारशेचं, अशी बेरीज करत वाचायचं. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. कॅल्क्युलेटरवर बोटं चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे उभं राहावं. (हात न लावता! घामाचे हात आणि खडू, दोन्ही दगडाला बाधतात.)

आमची फजिती

पहिल्यांदा आम्ही नाणेघाटला गेलो ते भर जुलैमध्ये, तब्बल बासष्ट जण. बरोबर स्पीकर, चिप्सची खोकी आणि भरपूर उत्साह. नेता कोणीच नाही, कारण सगळेच नेते. धुकं इतकं, की पुढचा माणूस दिसेना. माथ्यावर उलटा उडणारा धबधबा बघायला गाड्यांनी आलेली गर्दी, त्यात आमची भर. उतरताना प्रत्येकाने आपापला शॉर्टकट शोधला. संध्याकाळी खाली वैशाखरे गावात मोजणी केली तर साठ!

त्या दोन तासांत माझ्या पोटात जो गोळा आला तो कुठल्याही ओरलला आलेला नाही. कारण नावं लिहून घ्यायचं काम माझं होतं आणि मी यादीच केली नव्हती. गावातले तिघे बॅटऱ्या घेऊन वर गेले. रात्री नऊ वाजता ते आमच्या दोघा फर्स्ट इयरच्या पोरांना घेऊन आले. एकाचा घोटा सुजलेला, दुसरा थंडीने कुडकुडत होता. मावशींनी न विचारता चुलीवर चहा ठेवला. आम्ही पैसे पुढे केले तर मामा म्हणाले, "पैसं राहू द्या पोरांनो. वर बाटल्या टाकून आलात, त्या खाली आणल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यावर कोणालाच काही बोलता आलं नाही. गोविंददास पाणी ठेवून गेला होता आणि आम्ही रिकाम्या बाटल्या.

पुढच्या जानेवारीत आम्ही अठराच जण गेलो. सर बरोबर होते. यादी होती, पुढे एक आणि शेवटी एक ठरलेला माणूस होता. येताना पाच पोती कचरा खाली आणला. मामांनी पोती मोजली आणि फक्त हसले.

वाट का खचते?

वळणं घेत जाणारी पायवाट समजा ६० मीटर लांबीत १० मीटर चढते. म्हणजे उतार सहास एक. शॉर्टकट मारणारा तेच १० मीटर २० मीटरमध्ये उतरतो. उतार झाला दोनास एक. मॅनिंगच्या सूत्रात पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उतार तिप्पट झाला की, बाकी सगळं तेच धरलं तर, वेग सुमारे १.७३ पट आणि गतिज ऊर्जा तिप्पट. आपले पाय गवत तुडवून माती उघडी करतात आणि पहिल्या पावसात पाणी त्याच रेषेत धावतं. दोनतीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते आणि मूळ वाट कोरडी, ओस राहते. जुन्या लोकांनी चढावर दगडी पायऱ्या बसवल्या, त्यांनी पाण्याचा जोर तुटतो. त्या पायऱ्यांवरूनच चालणं हीच पहिली देखभाल. सुटलेला दगड दिसला तर जागा टिपून गावात कळवा. आपल्या मनाने उपटाउपट करू नका.

रविवारचे टप्पे

सगळी वाट एकदम चालायची गरज नाही.

१. सोपारा ते वसई : स्तूप, चक्रेश्वर तळं, मग गास, निर्मळ, भुईगाव, गिरीजच्या वाड्यांतून वसई किल्ला. सपाट, सावलीचा रस्ता. फर्स्ट इयर, स्टाफ आणि त्यांची मुलं, सगळ्यांना जमेल. सकाळी लवकर निघावं.

२. वसई ते कल्याण : हा टप्पा चालू नये. कामण-भिवंडी रस्त्यावर ट्रकची वर्दळ फार. वसई रोड-दिवा गाडीने जा, खिडकीतून खाडी दिसते. कल्याणवरून येणारी उल्हास नदीच या खाडीला मिळते. गाड्या कमी आहेत, वेळापत्रक बघूनच निघा.

३. कल्याण ते वैशाखरे : मुरबाड, टोकावडेमार्गे एसटी.

४. नाणेघाट चढाई : ग्रुपने सावकाश गेल्यास तीन तास धरा. माणशी तीन लिटर पाणी. डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात नकोच, आणि मुसळधार पावसात नवख्यांना नेऊ नका.

५. नाणेघाट ते जुन्नर : घाटघर, चावंड किल्ल्याचा पायथा, पूरचं कुकडेश्वर मंदिर, जुन्नर. सुमारे तीस किलोमीटर, मध्ये एक मुक्काम हवा. जुन्नरहून एसटीने परत.

पुढचा पैठणपर्यंतचा पल्ला मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवू.

आपण काय करायचं?

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. तिची कल्पना १९२१ मध्ये बेंटन मॅकाय यांनी मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. आजही वेगवेगळे स्थानिक क्लब तिचे तुकडे वाटून घेतात आणि सुट्टीच्या दिवशी झाडलोट, डागडुजी करतात. पण एवढ्या लांब कशाला? आपल्या पंढरीच्या वारीत प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते, रथापुढे किंवा रथामागे. मुक्काम ठरलेले, स्वयंपाकाची व्यवस्था ठरलेली. म्हणूनच लाखो माणसं चालू शकतात. आमचे बासष्ट जण चुकले, कारण आमची दिंडी नव्हती, नुसती गर्दी होती.

म्हणून माझी मागणी अशी : आपल्या हॉस्टेलने या वाटेचे दोन तुकडे आपले मानावेत. एक सोपाऱ्याचा, दुसरा नाणेघाटाचा. सोपाऱ्याला दर सेमिस्टरला एक रविवार, नाणेघाटला वर्षातून एक हिवाळी फेरी. एका फेरीला वीसच्या वर माणसं नकोत, जास्त असतील तर दोन फेऱ्या काढू. जेवण गावात सांगायचं, पैसे आधी ठरवून द्यायचे. स्तूप संरक्षित स्मारक आहे, तेव्हा तिथे कचरा उचलायचा, खणायचं-खरवडायचं काही नाही. सिव्हिलच्या मित्रांनी वाट कुठे खचते ते दरवर्षी त्याच जागांवरून फोटो आणि मापं घेऊन नोंदवावं. चार वर्षांत ती नोंद चांगल्या प्रोजेक्टएवढी होईल. स्टाफलाही विनंती, की नुसती परवानगी देऊ नका, बरोबर चला. पहिल्या टप्प्याला तर घरच्यांनाही आणा.

मी यंदा बाहेर पडतोय. नाणेघाटच्या याद्यांची वही मेस सेक्रेटरीकडे ठेवली आहे. पहिल्या पानावर बासष्ट नावं आहेत, ती मी नंतर आठवून लिहिली. पुढची पानं कोरी आहेत. जाण्याआधी नावं लिहा, आणि उतरल्यावर मोजा!